पाणी होऊन पड

बा,

परवा मी गावात जाऊन आले. आता तिथं दहावीपर्यंत शाळा आहे, पोरी सायकलींवर येतात, आणि आपलं घर होतं त्या जागी पाण्याची टाकी उभी आहे. शाळेनं मला भाषणाला बोलावलं होतं. हल्ली टीव्हीवर रोज कुठल्या ना कुठल्या लढाईची दृश्यं असतात. आकाशात उजेडाच्या रेघा वर चढतात, वरून येणाऱ्या क्षेपणास्त्राला गाठतात, भपकन उजेड होतो आणि निवेदक ओरडतो की सगळीच्या सगळी पाडली. तुझी लेक जन्मभर असल्याच यंत्रांवर काम करून निवृत्त झाली हे गावाला आता कळलंय, त्यामुळे माझा भाव एकदम वधारलाय. सरपंचांनी माइक हातात घेऊन सांगून टाकलं, "आपल्या गावच्या बाईनं असं कवच बनवून ठेवलं आहे का त्याच्यातून चिलट आत येऊन नाई राह्यलं!" टाळ्या कडाडल्या. मला हसू आलं, जरा चीडही आली. मग पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, सगळेच अडते का?" सरपंचांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण ती काही बसली नाही. मी तिला काय सांगितलं ते पुढे लिहिते. ते उत्तर मुळात तुझं, आणि ते तुला किती महाग पडलं होतं ते मी पाहिलेलं आहे.

गारपगारी म्हटलं की आता शहरातले लोक माझ्या तोंडाकडे बघतात. मग मला समजावून सांगावं लागतं की आमच्या जुन्या चांदा जिल्ह्यात, चिमूरकडच्या गावांमधून, गावात एक घर असायचं आणि त्या घरच्या माणसानं आभाळातून येणारी गार अडवायची. सुतारानं नांगर करायचा, लोहारानं फाळाला धार काढायची, तसं यानं गारेपासून उभं पीक राखायचं, आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला सुपानं धान्य मिळायचं. ते आपलं घर. ऐकणारे हसतात, मी हसू देते. त्यांनी तुला पाहिलेलं नाही. एरवी तू इतका गरीब माणूस की बाजारात कोणी धक्का मारला तरी तूच बाजूला व्हायचास. माय तुला चिडवायची, "आभाळावर वरडते, अन घरची कोंबडी हाकलाले मले बलावते!" पण फाल्गुनात आभाळ काळंनिळं होऊन आलं की तू वेगळाच व्हायचास. वहाणा काढायचास, केस मोकळे सोडायचास आणि त्रिशूळ घेऊन मारुतीच्या पारासमोर उघड्या अंगानं जाऊन उभा राहायचास. वहाणा काऊन काढतं, म्हणून मी एकदा विचारलं. तू म्हणालास, "पायाले माती थंडी लागली का समजाचं, गार आली." हे खरं होतं की तुझ्या घराण्याची नुसती रीत, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी होळी जवळ आलेली. जवस पिकून उभा आहे, हरभरा थोडा उपटलेला, लाखोळीचे ढीग खळ्यांवर आहेत. दुपारी जंगलाच्या बाजूनं ढग चढतो. अंधारून येतं, गुरं हंबरायला लागतात, आम्ही पोरं ओट्यावर चढून बसतो. तू पारासमोर आहेस. कुंकवानं लाल केलेले तांदूळ मुठीमुठीनं ढगाकडे फेकतोस, त्रिशूळ जंगलाकडे रोखतोस आणि ओरडतोस, "थांब! तिथीच थांब! जंगलात पड, झाडावर पड, इथी पाय नोको ठेवू!" तुझ्या मानेच्या शिरा फुगल्यात, घाम गळतोय, आणि वारा असा की तुझे केस तुझ्याच तोंडावर येताहेत. ढग जंगलाच्या काठावर येतो आणि बा, तो थांबतो. खरंच थांबतो. तिकडून जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज येत राहतो. आपल्या गावावर नुसता शिडकावा होतो आणि ऊन पडतं. लोकांनी तुला उचलून घेतलं. पाटलानं स्वतःच्या हातानं नारळ फोडला. माझ्या बापानं आभाळाच्या थोबाडीत मारली, हे सांगत मी गावभर हिंडले. आपल्या घरावर त्या दिवसाइतका उजेड मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यावरचा म्हातारा आला. जंगलाच्या काठावर गोंडांची थोडी घरं होती, त्याला आपण टोला म्हणायचो. त्यांचे देव वेगळे, मारुतीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. उतारावर कुटकीसारखं थोडं बारीक धान्य पिकवायचं आणि उन्हाळा मोहफुलांवर काढायचा, असं त्यांचं चालायचं. पारावर आदल्या दिवशीचा आनंद अजून चालूच होता, तू मधोमध बसला होतास. म्हाताऱ्यानं मोहाची एक फांदी आणली होती. तिच्या कळ्या ठेचून काळ्या पडल्या होत्या. ती त्यानं तुझ्या पुढ्यात ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाला, "जोहार भाऊ. काल तुहा त्रिशूळ आमच्याकडं होता. मोहू गेला आमचा. आता लेकरं का खातीन?" मग पाटील हसला. "अरे बुढ्या, आमचा गारपगारी पक्का आहे, त्याले आमी का करू? तुमीबी एखादा ठेवून घ्या न!" त्यावर सगळा पार हसला. तू हसला नाहीस.

मी लहान होते, पण तू कात्रीत सापडलास एवढं मला समजत होतं. गार मी धाडली नाही, ती आपली आपण तिथे पडली, असं म्हणावं तर गाव विचारणार की मग तुला धान्य कशाचं? मीच अडवली म्हणावं तर टोल्यावरच्या लेकरांची भूक तुझ्या माथ्यावर. तुझ्या जागी दुसरा असता तर पाटलाच्या हसण्याआड लपला असता, आणि कोणी त्याला बोल लावला नसता. तू ती फांदी उचललीस, कळ्या बोटांनी चाचपून पाहिल्यास. मग म्हणालास, "दादा, गार माह्या म्हणण्यानं थांबली का तिच्या मनानं, ते मले नाई समजत. माह्या बापालेबी समजत नव्हतं. पण बोट मी दाखवलं. जंगल म्हणलं, अन तिथी माणसंच नाई असं धरून चाललो. थे माही चूक." पाटलाचं हसू गेलं. "का बोलून राह्यला तू? समजत नाई म्हणते! मंग आमच्या खळ्यावर सूप घेऊन काऊन येतं?" तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "मी उभा राह्यतो म्हणून येतो, भाऊ. उभं राह्याचं देता तुमी. थांबवाचा वायदा मी कधी केला नाई." इतकं बोलून तू म्हाताऱ्याबरोबर टोल्यावर गेलास, झाडं बघायला.

त्या सुगीला काही घरांनी सूप भरायचं ते अर्धंच भरलं, काहींनी पाठ फिरवली. जे आलं ते तू टोल्यावर न्यायला बैलबंडीत घातलंस. माय दारात आडवी आली. "गावासमोर सांगून आला का मले समजत नाई, अन आता घरचे दाणेबी देऊन ये! आमी का गोटे खावाचे?" ती बराच वेळ कडाकडा बोलली, बोटं मोडली, कपाळ बडवलं, आणि मग पोत्याचं तोंड तिनंच शिवलं, कारण तुझी शिवण सैल असते म्हणे. वर वाळवलेल्या वांग्याच्या फोडींची पुरचुंडी ठेवली. तो उन्हाळा आपण कण्यांच्या आंबिलीवर काढला. मी कुरकुर केली की माय म्हणायची, "तुह्या बापाले विचार," आणि तुझ्याकडे पाहून मला विचारावंसं वाटायचं नाही. आज त्या आंबिलीची चव आठवली की मला अभिमान वाटतो, बा. तुमच्या दोघांचाही वाटतो, आणि मायचा जरा जास्त, कारण तिनं रागात असूनही शिवण घट्ट घातली.

पुढल्या शिमग्याच्या आधी म्हातारा परत आला. या वेळी त्याच्या हातात शिंग होतं, फुंकायचं. "आभाळ आमच्याकडून चढते, भाऊ," तो म्हणाला, "आमाले आधी दिसते. मी शिंग फुकीन, तू उभा राह्य." तुम्ही दोघं अंगणात बसून बिडी ओढत राहिलात, तेवढ्यात सगळं ठरलं. आणि तू तुझी रीत बदललीस. जंगलाकडे त्रिशूळ रोखणं सोडलंस, तो सरळ वर धरू लागलास आणि म्हणू लागलास, "पाणी होऊन पड! इथीबी पाणी, तिथीबी पाणी! पाणी होऊन पड!" पाटील म्हणाला, याचा त्रिशूळ बोथट झाला. त्याच साली गार आली, आणि बा, ती थांबली नाही. पण त्याआधी शिंग वाजलं. जंगलाकडून तो लांब, जाड आवाज आला आणि रानातल्या बाया धावत घरी आल्या, गुरं कोठ्यात गेली, आम्हा पोरांना ओढून आत घेतलं. तू मात्र उघड्यावर उभा होतास. कपाळ फुटलं, खांदे काळेनिळे झाले, तरी ओरडायचा थांबला नाहीस. पिकं झोपली. संध्याकाळी कपाळाला फडकं बांधून तू घरोघर गेलास आणि प्रत्येक दारात तेवढंच म्हणालास, "आज थांबली नाई." कोणी दार लावून घेतलं, कोणी वाट्टेल ते बोललं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "लेकरं घरात आहे न, भाऊ? मंग झालं." पुढच्या सुगीला पहिलं सूप तिच्याच खळ्यावरून आलं. पाटलाच्या खळ्यावरून काही आलं नाही, आणि ते त्याला शोभलंच.

तू गेलास तेव्हा मी नागपुरात कॉलेजात होते. पुढचं तुला काही ठाऊक नाही, म्हणून तुझ्या भाषेत सांगते. रडार म्हणजे टोल्यावरचं शिंग समज. आणि वरून येणाऱ्या क्षेपणास्त्राला गाठायला आपण जे खालून सोडतो, ते तुझ्या मुठीतले तांदूळ. फरक इतकाच, की आमचे तांदूळ कधी कधी खरंच लागतात. किती लागतात, हे तू विचारशीलच. जे सावकाश येतं, ठरलेल्या वाटेनं येतं, ते पुष्कळदा पडतं. जुन्या धाटणीचं, उंच जाऊन खाली येणारं, तेही गणितात बसतं, कारण फेकलेला गोटा कुठं पडणार ते आधी सांगता येतं. पण नवी क्षेपणास्त्रं मोठी लबाड आहेत. काही झाडांच्या शेंड्याला घासत येतात, दिसतात तोवर दारात. काही आवाजाच्या कैक पट वेगानं येतात आणि येता येता वाट बदलतात. काही स्वतःबरोबर खोटी सोंगं सोडतात, म्हणजे आपले तांदूळ सोंगांवर संपावेत. एकदम थवाच्या थवा आला तर मूठ रिकामी होते, आणि ती पुन्हा भरायला वेळ लागतो. चाचणीत सगळं छान लागतं, पण चाचणीत पाहुणा कोणत्या दिशेनं येणार ते बहुतेक वेळा आपल्याला माहीत असतं. लढाईत कोणी सांगून येत नाही. म्हणून एकामागे एक अशा फळ्या ठेवायच्या, लांब एक, मध्ये एक, दारात एक. एकीतून सुटलं ते दुसरीला लागावं. तरी काही सुटतंच, आणि त्यातून माणूस वाचतो तो भोंगा वेळेवर वाजला आणि तो वेळेवर आत गेला म्हणून. टीव्हीवर भोंग्याचं कौतुक कोणी करत नाही.

माझं काम येणाऱ्या ठिपक्याच्या वाटेचं गणित करण्याचं होतं. तो आता इथे आहे, तर थोड्या वेळानं कुठे असेल, आणि आपण त्याला कुठे गाठायचं. एकदा एका चाचणीची तयारी चालली होती. भिंतीवर नकाशा, आणि जिथे दोन क्षेपणास्त्रांची गाठ पडून तुकडे खाली येणार तो भाग हिरवा. आमचे वरिष्ठ म्हणाले, हे जंगल आहे, रिकामं आहे. बा, माझे कान तापले. बैठकीत मी एकटीच बाई, आणि तोवर मी कधी आवाज चढवला नव्हता. मी उभी राहून म्हटलं, "साहेब, रिकामं आहे हे कोणी जाऊन पाहिलं का? जंगल म्हटलं की माणसं नाहीत असं धरून चालू नका." थोडी कुजबुज झाली, कोणी तरी घड्याळ बघितलं. पण साहेब चांगले होते. त्यांनी माणसं पाठवली, आणि त्या हिरव्यात घरं निघाली, चुली निघाल्या, वाळत घातलेली लुगडी निघाली. चाचणी पुढे ढकलली, जागा बदलली. तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही गणिताच्या शेवटी मी एक प्रश्न विचारायची, पाडलेलं कोणाच्या डोक्यावर पडणार? हाताखालची पोरं मागून माझी नक्कल करायची. नक्कल करता करता त्यांनाही सवय लागली, आणि मी निवृत्त झाले तरी ती हे विचारतात, असं कळतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर याचा.

तर त्या दोन वेण्यांच्या पोरीला मी म्हटलं, "नाई. सगळे नाई अडत." सरपंच खुर्चीत वळवळले. मी माइक हातात घेतला आणि किती तरी वर्षांनी आपल्या बोलीत बोलले. म्हटलं, "थांबवाचा वायदा आमी कोणालेच देऊ शकत नाई, बाई. पुष्कळ थांबवतो. नवीन नवीन येऊन राह्यले, त्याहिले थांबवाले आमीबी शिकून राह्यलो. पण सुटते काही. म्हणून शिंग वेळेवर वाजलं पाहिजे, अन वाजलं का आत गेलं पाहिजे. अन आमी तिथी उभे राह्यतो." कोणतं शिंग ते कोणाला कळलं नसणार, मग मी तुझी सगळी गोष्ट सांगितली, फांदीची, बंडीची, फुटक्या कपाळाची. पाटलाचं नाव घेतलं नाही, त्याची नातवंडं समोरच बसली होती. पोरगी ऐकत होती, मग म्हणाली, "तुमाले भेव नाई लागत?" मी म्हटलं, लागतं की. तेव्हा ती बसली. टाळ्या आधीपेक्षा कमी पडल्या. चहाच्या वेळी सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पब्लिकले इतकं खरं नोको सांगत जा." माझ्या बापानं भर पारावर पाटलाला ऐकवलं होतं, तिथे सरपंच कोण लागून गेला! पण चहा त्यांचा होता, म्हणून मी नुसती मान हलवली. ती पोरगी टोल्यावरची होती का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुझा त्रिशूळ माझ्या कपाटात आहे, ज्या फडक्यात तो गुंडाळलाय त्यातच हेही ठेवीन. एक गोष्ट तेवढी राहिली, ती कोणालाच सांगितलेली नाही. माझं गणित लावलेली पहिली मोठी चाचणी होती तेव्हा आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो होतो. समुद्राच्या बाजूनं ठिपका चढला. मी टेबलाखाली हळूच चपला काढल्या आणि पाय फरशीला टेकवले. फरशी थंड होती. आपलं क्षेपणास्त्र सुटलं, दोन ठिपके एकमेकांकडे सरकत गेले, एकात एक मिळाले आणि पडदा कोरा झाला. लोक ओरडले, कोणी मला मिठी मारली, कोणी पेढे काढले. शेजारी बसलेला माझा तरुण सहकारी हसत म्हणाला, मॅडम, शेवटी शेवटी तुमचे ओठ सारखे हलत होते, काय चाललं होतं? मी चपला पायांनी चाचपत म्हटलं, सेकंद मोजत होते.

बा, मी मोजत नव्हते.